रक्त काढताना मुलांसोबत वाजवायचंय? खोलीत शिरण्याआधी हे वाचा

रक्ताचा नमुना घ्यायला तसं पाहिलं तर मिनिट-दोन मिनिटं पुरतात. मुलाची भीती मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. सकाळी नाश्ता न देता घराबाहेर काढलं, तेव्हाच त्याला शंका आलेली असते. बाकावर बसल्यावर आतून दुसऱ्या कुणाचं रडणं ऐकू आलं, की खात्रीच पटते. म्हणून "सुई टोचताना मोबाइलवर गाणं लावा" हा सल्ला अर्धवट आहे. संगीत बाकावरच सुरू व्हायला हवं, आणि ते मुलाने नुसतं ऐकायचं नाही, स्वतः वाजवायचं.

मी एका रुग्णालयाच्या बालरोग विभागात स्वयंसेवक म्हणून वाजवते. थोडा तबला, थोडं युकुलेली (गिटारसारखं छोटं वाद्य), आणि गळा बेताचा. संगीतोपचाराचं शिक्षण घेतलेली माणसं वेगळी. त्यांचं काम खोल असतं, ते आपण करायला जाऊ नये. पण एवढ्या एका कामासाठी साध्या वाजवणाऱ्या माणसालाही करण्यासारखं पुष्कळ आहे. आईबाबांनाही यातलं बरंच घरच्या घरी जमेल, त्यासाठी शेवटी वेगळा भाग दिला आहे.

## १. आधी परवानगी, मग वाद्य

बालरोग विभागाचे प्रमुख हो म्हणाले की काम झालं, असं समजू नका. खरी परवानगी तीन ठिकाणी लागते: विभागप्रमुख, इन्चार्ज सिस्टर आणि लॅबमध्ये रक्त घेणारे टेक्निशियन. यातले शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे, आणि त्यांना कुणी विचारतच नाही. तुम्ही त्यांच्या खोलीत, त्यांच्या हाताशेजारी उभे राहणार आहात. सकाळच्या गर्दीत "हे आणखी एक झंझट" असं त्यांना वाटणं अगदी साहजिक आहे.

त्यांना पटवायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. इटलीत फ्लॉरेन्सच्या मायर बालरुग्णालयात ४ ते १३ वर्षांच्या १०८ मुलांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे रक्त घेण्याच्या आधी, घेताना आणि नंतर वादक मुलांसोबत होते. त्या मुलांचा त्रास आणि वेदना, दोन्ही संगीताविना रक्त दिलेल्या मुलांपेक्षा कमी भरल्या. दुसरा अभ्यास कॅनडातल्या एडमंटनचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. त्यात सलाईनची सुई लावताना ३ ते ११ वर्षांच्या ४२ मुलांपैकी निम्म्यांना संगीत ऐकवलं होतं. संगीताच्या गटात सुई लावणं जास्त सोपं गेलं, असं सुई लावणाऱ्यांनीच सांगितलं. टेक्निशियनला हा मुद्दा लगेच पटतो, कारण हलणाऱ्या हातातून शीर शोधण्याचा ताप त्यांच्याच वाट्याला येतो.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- एका पानाचा अर्ज: काय करणार, कोणत्या वारी, किती ते किती, कोणती वाद्यं
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र आणि दोन फोटो
- डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला, लसीकरणाची नोंद (हिपॅटायटिस बी आणि फ्लू बहुधा विचारतात)
- मागितल्यास पोलीस पडताळणीचा दाखला
- मुलांची माहिती बाहेर सांगणार नाही आणि फोटो-व्हिडिओ काढणार नाही, असं लेखी

शेवटचा कागद कुणी मागितला नाही तरी स्वतःहून द्या. आणि एक नियम कायमचा: पालक किंवा सिस्टर खोलीत नसतील तर मुलासोबत एकटं थांबायचं नाही.

## २. पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा

वाद्य घरी ठेवा आणि कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघा. चिठ्ठी, पैसे भरणं, नंबर, नावाची हाक, खुर्ची, हाताला पट्टा, स्पिरिटचा बोळा, सुई, ट्यूब, कापूस, चिकटपट्टी. या क्रमात तुम्हाला जागा कुठे आहे ते शोधायचं असतं.

दोन बारकावे आधीच सांगते. एक, दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाहून जास्त ठेवायचा नसतो, नाहीतर काही तपासण्यांचे आकडे बिघडतात. म्हणजे पट्टा बांधल्यावर "जरा हे कडवं संपू द्या" म्हणायची सोय नाही. दोन, स्पिरिट लावल्यावर ते वाळायला अर्धं मिनिट द्यावं लागतं, कारण ओल्या स्पिरिटवर सुई गेली तर जास्त चुरचुरतं. ते अर्धं मिनिट मुलासाठी सगळ्यात वाईट, कारण हात पुसलेला असतो, सुई समोर दिसत असते आणि घडत काहीच नसतं. तुमचं मुख्य काम तिथे आहे.

## ३. पिशवीत काय ठेवायचं

वाद्य निवडताना गोड आवाज ही शेवटची अट. एका हाताने वाजलं पाहिजे, कारण दुसरा हात टेक्निशियनकडे असतो. पुसता आलं पाहिजे. पडलं तर फुटता कामा नये आणि लहान मुलाच्या तोंडात जाईल इतकं बारीक असता कामा नये.

माझ्या पिशवीत असतं ते असं:

- प्लास्टिकचे अंड्याच्या आकाराचे खुळखुळे, तीन-चार
- प्लास्टिकच्या पानाची छोटी डफली
- मंजिरीची जोडी. एक मी धरते, दुसरी मूल माझ्या मंजिरीवर आपटतं, म्हणजे त्याला एकच हात लागतो. फरशी-टाइल्सच्या खोलीत आवाज फार चिरतो, म्हणून फक्त बाहेरच्या बाकावर
- धातूच्या सुट्या पट्ट्यांचं छोटं वाद्य, लहान मुलं शाळेत वाजवतात तसलं
- युकुलेली, हे माझ्यासाठी
- पुसायला अल्कोहोलचे वाइप्स आणि दोन वेगळ्या थैल्या: स्वच्छ आणि वापरलेली

सुट्या पट्ट्यांच्या वाद्यातून मध्यम आणि निषाद काढून ठेवा. उरतात सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे स्वर. आता मुलाने डोळे मिटून कुठेही ठोकलं तरी वाईट ऐकू येत नाही. घाबरलेल्या मुलाला त्या क्षणी "चुकलं" हा अनुभव येता कामा नये. ही एक युक्ती मला महागड्या वाद्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

फुंकून वाजवायची वाद्यं, पिपाणी किंवा माउथ ऑर्गन, एका मुलाची दुसऱ्याला कधीच द्यायची नाहीत. घरून स्वतःची आणली असेल तर उत्तम, कारण फुंकताना श्वास आपोआप लांबतो. घुंगरांचा कापडी पट्टा मुलाला बांधू नका, तो नीट साफ होत नाही. स्वतःच्या पायात बांधला तर चालेल. प्रत्येक मुलानंतर वाद्य पुसायचं आणि वाळू द्यायचं. कॅन्सरच्या वॉर्डात, किंवा ज्या मुलांची प्रतिकारशक्ती कमी आहे तिथे, सिस्टर सांगतील तेच आणि तेवढंच आत न्यायचं.

## ४. बाकावर: इथे निम्मं काम होतं

थेट मुलाशी बोलायला जाऊ नका. शेजारी बसून स्वतःशीच काहीतरी हळू वाजवायला लागा. मूल बघतं. मग दोन वाद्यं पुढे करा: "हे की हे?" "वाजवणार का?" असं विचारलंत तर उत्तर बहुधा "नाही" येतं. मात्र दोन्ही नकोत म्हणालं तर ते खरंच मान्य करायचं. आज त्याच्या मनासारखं होणारी तेवढी एकच गोष्ट असू शकते.

आता त्याला एक लहानसा तुकडा शिकवा. मी तबल्याचे बोल वापरते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत कुणी मराठी बोलतं, कुणी हिंदी, कुणी अहिराणी, कुणाची भाषा मला कळतही नाही. "धा धिं धिं धा" सगळ्यांना सारखंच अनोळखी आणि सारखंच मजेशीर. "तिरकिट" म्हटलं की चार वर्षांचं पोर हमखास हसतं. केरवा हा ताल धरला तर आठ मात्रांचं चक्र कितीही वेळ फिरवता येतं आणि हवं तिथे थांबवता येतं. हे फार महत्त्वाचं आहे. ठरावीक लांबीचं गाणं घेतलं की ते शिरेच्या आधी संपतं नाहीतर सुई निघाल्यावरही उरतं.

बाकावरच सुईच्या क्षणाचा सराव करा. "रक्त घेणारे दादा म्हणतील 'आता', तेव्हा आपण दोघांनी मेणबत्ती विझवल्यासारखी लांब फुंकर मारायची, फूऽऽऽ." दोन-तीनदा खेळात करून घ्या. शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा: "तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट धा." शेवटचा "धा" मुलाचा, तो मी वाजवत नाही. कापूस लावल्यावर तो वाजणार, हे त्याला आधीच सांगून ठेवायचं. सगळं कधी संपणार याची खूण त्याच्या स्वतःच्या हातात असते.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराची मुलं दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायला येतात आणि त्यांच्या हाताला वारंवार सुई लागते. त्यांच्यासोबत हे सगळं हळूहळू मुरत जातं. अशीच एक सहा वर्षांची मुलगी वाद्याला हात लावायची नाही. ती हुकूम सोडायची: "आता उंदरासारखं." मी नखांनी वाजवायचे. "आता हत्ती." मी तळव्याने. सुई गेली तेव्हा ती कपाळाला आठी घालून म्हणाली, "हा हत्ती नाहीये, हा बैल आहे." हेही वाजवणंच आहे. हात माझे होते, वादक ती होती.

## ५. खुर्चीत: कुठे उभं राहायचं, काय करायचं

मुलाला आडवं करून चौघांनी दाबून धरलं की कुठलंही संगीत चालत नाही. लहान मुलाला आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवायला सांगा. सुईचा हात आईच्या काखेखालून मागे टेक्निशियनकडे. मूल सुरक्षित वाटेल इतकं मिठीत असतं आणि हातही स्थिर राहतो. हे तुम्ही सांगायचं नाही, सिस्टरशी आधी बोलून त्यांच्याकडून सांगून घ्यायचं.

तुम्ही सुईच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे बहुतेक वेळा गुडघ्यावर. उजेड अडवायचा नाही, ट्यूबच्या ट्रेजवळ जायचं नाही.

वेग मुलाच्या मनःस्थितीला जुळवून घ्या. मूल हुंदके देत असेल तर संथ अंगाई लावून ते शांत होत नाही, उलट चिडतं. त्याच्या श्वासाइतक्या वेगाने आणि थोडं जोरातच सुरू करा, मग आठ-आठ मात्रांनी वेग उतरवत न्या. संगीतोपचारात हे तत्त्व १९४० च्या दशकापासून शिकवलं जातं.

स्पिरिट वाळत असताना खेळ सर्वांत दाट हवा: मी वाजवते, तू उत्तर दे, मी चूक करते, तू पकड. मुद्दाम चुकलेला ठेका पकडण्यात मुलं विलक्षण रंगतात. सुई टोचायच्या क्षणी मात्र डफली, खुळखुळा बंद. पूर्ण अंग हलवून वाजवलं की दुसराही हात हलतो. तेव्हा फक्त फुंकर, किंवा तोंडाने बोल, किंवा एका बोटाने पट्टीवर टिंग. सुई आत असताना तुमची नजर मुलाच्या चेहऱ्यावर हवी, ट्यूबकडे नाही. तुम्ही ट्यूबकडे पाहिलंत की मूलही पाहतं.

शीर मिळाली नाही आणि दुसऱ्यांदा टोचायची वेळ आली तर? हसत-खेळत तोच ठेका पुढे रेटू नका. मुलाला ते खोटं वाटतं, आणि त्याचं बरोबरच असतं. थांबा. "पहिल्यांदा नाही मिळाली. पुन्हा करायला लागणार आहे. मी इथेच आहे," एवढं सरळ सांगा. मग नुसतं गुणगुणा. मूल म्हणालं "गप्प बसा," तर गप्प बसा. तेही मदतच असते.

सुई निघाली की सगळे पांगतात. तुम्ही थांबा. कापूस दाबून धरायची दोन-तीन मिनिटं तिहाईसाठी आहेत. शेवटचा "धा" झाल्यावर नेमकं कौतुक करा: "फुंकर किती लांब मारलीस!" आजचा दिवस मुलाला कसा आठवेल, यावर पुढच्या वेळची भीती बरीचशी अवलंबून असते.

## ६. वयाप्रमाणे थोडे फरक

तान्ह्या बाळाला वाद्य नको. आईने छातीशी धरून, शक्य असेल तर अंगावर पाजत, हुं हुं करत राहणं पुरे. छातीतली ती थरथर बाळाला लागते.

एक ते तीन वर्षं: खुळखुळा, नावाची गाणी, तीच ओळ पुन्हा पुन्हा. वर लिहिलेलं सगळं चार ते नऊसाठी जसंच्या तसं चालतं.

दहाच्या पुढे बडबडगीतं काढलीत तर मान फिरवतात. त्यांना त्यांच्या मोबाइलवरचं, त्यांच्या आवडीचं लावू द्या. एका कानात इअरफोन, दुसरा मोकळा. मोकळ्या हाताने मांडीवर ठेका धरायला सांगा. या वयात कुणी कुणी सुईने घेरी येऊन पडतं. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, तर वाजवणं सोडून लगेच सिस्टरला हाक मारा.

ऑटिझम असलेल्या किंवा आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांबाबत आधी पालकांना विचारा. काहींना एकच स्वर, एकसारखा, हलका, एवढंच चालतं. काहींना शांतताच हवी असते.

## ७. हमखास फसायच्या जागा

"काही दुखणार नाही." दुखतं. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढच्या वेळी तुमचं गाणंही त्याला त्याच फसवणुकीतलं वाटतं. "टोचेल, थोडा वेळ दुखेल, मग संपेल" हे खरं आहे.

सारखं धीर देणं. "घाबरू नको हं, झालं झालं, सॉरी बाळा" हे आईच्या तोंडून आपोआप येतं. पण अशा वाक्यांच्या वेळी मुलांचा त्रास वाढलेला दिसतो, आणि दुसरंच काही बोललं, थट्टा केली, फुंकर मारायला सांगितलं की कमी होतो, असं मानसशास्त्रातल्या निरीक्षणांमधून पुढे आलं आहे. आईला ठेक्यात सामील करून घ्या, तिलाही टाळी द्या. तिचे हात आणि तोंड दोन्ही कामात राहतात.

झोपायच्या वेळची अंगाई. घरी रोज ज्या गाण्यावर मूल झोपतं ते इथे आणू नका. पुढे त्या गाण्याला सुईचा वास लागतो.

मैफल करणं. तुम्ही छान वाजवताय आणि बाकावरचे सगळे पालक मान डोलावताहेत, म्हणजे काहीतरी बिनसलंय. मूल वाजवत नाहीये.

मोबाइलने व्हिडिओ. पालकच काढतात. प्रेमाने पण स्पष्ट नको म्हणा, शेजारच्या बाकावर दुसऱ्याचं मूल असतं.

संगीत आहे म्हणून बाकी काही नको. सगळ्यात घातक चूक ही. कातडी बधिर करणारं मलम मिळतं (लिडोकेन आणि प्रिलोकेन, प्रत्येकी २.५ टक्के). ते साधारण तासभर आधी लावून वर पट्टीने झाकावं लागतं. लावायचं की नाही आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं, विशेषतः तान्ह्या बाळांमध्ये. पण त्याबद्दल विचारायला पालकांना जरूर सांगा. मलम कातडीचं काम करतं, संगीत भीतीचं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

## ८. वही ठेवा, पण नावाशिवाय

तारीख, वय, कोणतं वाद्य, किती वेळा टोचलं, काय चाललं, काय नाही. मुलाचं नाव, आजार, फाइल नंबर काही नाही. सिस्टर वेदनेची नोंद घेत असतील (मोठ्या मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी दाखवून, लहानांचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं पाहून, दोन्हींत ० ते १०) तर तो आकडा त्यांच्याकडून घ्या. स्वतः देऊ नका. आपण वाजवलं की आपल्याला सगळंच कमी दुखल्यासारखं दिसतं.

## ९. रुग्णालयात वाजवणारं कुणी नसेल तर: पालकांसाठी

आदल्या दिवशी संध्याकाळी, झोपायच्या तोंडावर नव्हे, मुलाला खरं सांगा. लहान असेल तर त्याच सकाळी. बाहुलीचं रक्त काढायचा खेळ करा आणि त्यात फुंकर व तिहाई बसवा.

सोबत न्या: एक खुळखुळा किंवा स्टीलची वाटी आणि लाकडी चमचा, पाण्याची बाटली, आणि नंतरचा डबा. उपाशीपोटी तपासणी नसेल तर भरपूर पाणी पाजून न्या, शीर लवकर सापडते. खुर्चीत बसण्याआधी टेक्निशियनला विचारा: "टोचायच्या आधी 'आता' म्हणाल का? आम्ही फुंकर मारणार आहोत." बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. घाईत असतील आणि नाही म्हणाले, तर पट्टा बांधल्यावर मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा आणि फुंकर तिथून सुरू करा. थोडी लवकर सुरू झाली तर काही बिघडत नाही, उशीर मात्र होऊ देऊ नका.